कल्पित लोकांची नावे कशी ठरवावीत: सीमाभागातील नामपद्धतींच्या आधारे

अद्भुतकथा लिहायला घेतली की लेखक नवे डोंगर रचतो, नवे देव आणि नवी राज्ये उभी करतो आणि मग या माणसांना नावे काय द्यायची या प्रश्नापाशी येऊन थांबतो. पुष्कळ लेखक अशा वेळी कानाला अनोळखी वाटतील असे ध्वनी जुळवतात, दोनचार अवघड जोडाक्षरे घालतात आणि नाव तयार झाले असे मानतात. अशा नावांची अडचण पुढे जाणवते. हे नाव कुणी ठेवले, केव्हा ठेवले, घरात याला वेगळ्या नावाने हाक मारतात का, परमुलुखात गेल्यावर हेच नाव चालते का, यांतील एकाही प्रश्नाला ते नाव उत्तर देत नाही, आणि म्हणून त्या नावामागे समाज उभा आहे असे वाचकाला कधीच वाटत नाही.

माणसाचे नाव म्हणजे समाजाने त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असतात. तू कुणाचा, कुठल्या गावचा, कोणत्या देवाच्या कृपेने जगलास, तुला नावाने हाक मारण्याचा अधिकार कुणाला आहे, असे ते प्रश्न असतात. प्रत्येक समाज यांतील काही प्रश्न महत्त्वाचे मानतो आणि काही सोडून देतो. तेव्हा कल्पित समाजाची नामपद्धती ठरवताना आधी प्रश्न ठरवावेत आणि ध्वनी सर्वांत शेवटी ठरवावेत, हे माझे म्हणणे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात वाढलेल्या मराठी लेखकाला यासाठी लागणारी सामग्री घराच्या उंबऱ्यावर मिळते, कारण येथे मराठी आणि कन्नड अशा दोन नामपद्धती पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत नांदत आल्या आहेत आणि एकमेकींत मिसळतही आल्या आहेत.

गाव नावात कुठे बसते

आपल्याकडच्या खेड्यात नवखा मुलगा दिसला की पारावरचा वडीलधारा माणूस त्याला आधी ‘कुणाचा गा तू?’ असे विचारतो. मुलाचे स्वतःचे नाव नंतर येते, आणि पुष्कळदा ते विचारलेही जात नाही, कारण बापाचे नाव आणि गल्ली कळली की म्हाताऱ्याला हवे ते सगळे कळलेले असते. कचेरीतला कारकून मात्र वेगळा प्रश्न विचारतो. त्याच्या अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात, आणि मराठी माणसाचे नाव त्या तीन रकान्यांत सहज बसते.

कन्नड पद्धतीत गाव पुष्कळदा माणसाच्या आधी येते. कित्तूर संस्थानाच्या लढ्यातला सेनानी, ज्याला १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी देण्यात आले, तो संगोळ्ळी रायण्णा. त्याच्या नावात संगोळ्ळी हे गाव पुढे आहे आणि रायण्णा मागे. बेळवडीची राणी बेळवडी मल्लम्मा हिच्या नावाची रचनाही तशीच आहे. जेथे गाव शेवटी येते तेथेही त्याला प्रत्यय लागत नाही: मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आडनाव म्हणजे धारवाडजवळचे मन्सूर हे गावच आहे, आणि गंगूबाई हंगल यांच्या नावातले हंगल हेही गावाचेच नाव आहे. मराठी पद्धत याच ठिकाणी ‘कर’ जोडते आणि निपाणीकर, खानापूरकर, नंदगडकर, येळ्ळूरकर अशी आडनावे घडवते.

या ‘कर’मध्ये लेखकाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. निपाणीत राहणाऱ्या सगळ्यांनाच निपाणीकर म्हणून काही साधत नाही. निपाणी सोडून दुसरीकडे गेलेल्या घराला तेथील लोक निपाणीकर म्हणतात. गावाचे आडनाव हे मुळात ते गाव सोडल्याची खूण असते. याच न्यायाने कल्पित शहरातल्या एखाद्या पेठेत एकाच दूरच्या गावाचे नाव लावणारी चाळीस घरे दाखवली, तर दुष्काळ, युद्ध किंवा व्यापार यांपैकी काहीतरी त्या गावावर येऊन गेले असले पाहिजे हे वाचकाला आपोआप समजते आणि लेखकाला इतिहासाचे प्रकरण वेगळे लिहावे लागत नाही. अरबी नावांतही असाच एक घटक असतो. गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावाचा अर्थ ‘ख्वारिज्मचा’ असाच आहे, आणि तो माणूस बगदादमध्ये काम करत होता म्हणूनच ती ओळख उपयोगाची ठरली.

गावाची नावे बदलतात, आडनावे तेवढ्या वेगाने बदलत नाहीत. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे सरकारी दफ्तरी बदलली आणि बेळगावचे बेळगावी झाले, परंतु बेळगावकर आडनावाचे लोक त्या दिवशी बेळगावकरच राहिले. धरणाच्या पाण्याखाली गेलेले, साथीत उजाड झालेले किंवा राजाने नाव पालटलेले गाव माणसांच्या आडनावात पुढे शतकभर टिकून राहू शकते. कल्पित जगाच्या नकाशावर जे गाव आता नाही, ते कथेतल्या एखाद्या पात्राच्या नावात असावे. असा तपशील त्या जगाला वय देतो.

दुसरीकडे, जे आडनाव गावात सगळ्यांचेच असते ते कुणालाच वेगळे काढत नाही. सीमाभागात अशी खेडी आहेत जेथे हाक मारल्यावर घराघरातून पाटील बाहेर येतील. तेथे माणसे बापाच्या नावाने, गल्लीच्या नावाने, शेताच्या नावाने किंवा आजोबाच्या एखाद्या लकबीवरून पडलेल्या घराण्याच्या टोपणनावाने ओळखली जातात, आणि पोस्टमनला ही सगळी नावे पाठ असतात. पाटील, देसाई, नाडगौडा, चौगुले, कुलकर्णी ही सगळी एकेकाळी कामांची आणि अधिकारांची नावे होती. काम गेले, वतन गेले, नाव राहिले. आपल्या कल्पित राज्यात कोणती पदे नष्ट होऊन आडनावे बनली आहेत, हेही लेखकाने एकदा बसून ठरवावे.

येथे एक अवघड गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न पुष्कळदा जात समजून घेण्यासाठी विचारला जातो, आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या बोलण्यातला आदर वाढतो किंवा कमी होतो. म्हणूनच काही लोक आडनाव लावणे जाणीवपूर्वक सोडून देतात. नावातून माणसाची पायरी कळते असा समाज रचायचा असेल, तर त्या नावामुळे कुणाला विहिरीवर थांबावे लागते आणि कुणाला आत बोलावले जाते हेही दाखवले पाहिजे. नुसती सरदारांची भारदस्त बिरुदे रचून ते काम होत नाही.

ओलेरी लोकांचे उदाहरण

हे सगळे एका कल्पित समाजावर लावून पाहू. घाटमाथ्यावर, खानापूरच्या पश्चिमेला असते तसे दाट रान आणि कोसळणारा पाऊस असलेल्या मुलुखात ओलेरी नावाचे लोक राहतात असे धरू. त्यांच्या पूर्वेला काळ्या मातीचा, कमी पावसाचा मैदानी मुलूख आहे आणि तेथे करडव लोकांचे राज्य आहे. ओलेरींची वस्ती विखुरलेली आहे. एका ठिकाणी दोन किंवा तीन घरे, पुढे रान, मग पुन्हा दोन घरे. अशा वस्तीत ‘कुठल्या गावचा?’ हा प्रश्न व्यर्थ ठरतो, कारण गावच नाही. त्यांच्याकडे विचारला जाणारा प्रश्न ‘कुठल्या पाण्याचा?’ असा असेल. ज्या झऱ्याचे पाणी घर पिते, त्या झऱ्याचे नाव माणसाच्या नावाला जोडले जाईल.

एवढा एक नियम ठरवला की त्याचे परिणाम आपोआप मागे येतात. एका झऱ्याचे पाणी पिणारी घरे भावकी मानली जातील आणि त्यांच्यात लग्ने होणार नाहीत. लग्न झालेली मुलगी सासरच्या झऱ्याचे पहिले भांडे पिईल आणि तेव्हाच तिच्या नावाचा तो भाग बदलेल. झऱ्यावरून भांडण झाले तर ते नावाचे भांडण होईल. आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात झरा कायमचा आटला, तर त्यावर जगणाऱ्या घरांना नवे पाणी शोधावे लागेल आणि त्याबरोबर नवे नाव मागावे लागेल, तेही ज्यांचे पाणी आहे त्यांच्या परवानगीने. लेखकाने एक नियम लिहिला होता. त्यातून त्याला कथानक मिळाले.

नाव कोण ठेवते आणि केव्हा

आपल्याकडचे बारसे या दृष्टीने पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखे आहे. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते अशी समजूत आहे, आणि त्यानंतर, पुष्कळ घरांत बाराव्या दिवशी, पाळणा बांधला जातो. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे देतात. मग आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि त्याच क्षणी इतर बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. शेवटी घुगऱ्या वाटल्या जातात. या अर्ध्या तासात नाव ठेवण्याचा अधिकार बापाच्या बहिणीकडे आहे, म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीकडे माहेरचा एक महत्त्वाचा हक्क शिल्लक आहे, हे सगळ्यांसमोर मान्य केले जाते. नाव ठेवण्याचा अधिकार कुणाकडे आहे या एका उत्तरातून कुटुंबातील सत्तेची मांडणी दिसते.

नाव कोणते ठेवायचे हे ठरवणारे घटक पुन्हा वेगळे. पत्रिका पाहणाऱ्या घरात जन्मनक्षत्राचे चरण अक्षर देते. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण अशी एकूण १०८ अक्षरे होतात, आणि अश्विनीवर जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला चू, चे, चो, ला यांतील एक येते. काही घरांत हे नाव पत्रिकेपुरते राहते आणि व्यवहारात दुसरेच चालते. दुसरा घटक म्हणजे वारलेले आजोबा किंवा आजी. तिसरा, आणि सीमाभागात फार ठळक असलेला, म्हणजे जवळचा देव. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालेला मुलगा यल्लाप्पा आणि मुलगी यल्लुबाई किंवा रेणुका होते. रेणुकेचा पुत्र म्हणून परशराम हे नाव आपल्याकडे घरोघरी आढळते. रवळनाथाच्या प्रभावाच्या भागात, खानापूर आणि चंदगडकडे, रवळू असतो. कल्मेश्वराचा कल्लाप्पा असतो. यल्लाप्पा, निंगाप्पा, कल्लाप्पा, लुमाण्णा ही नावे शुद्ध मराठी बोलणाऱ्या घरांतली आहेत. ‘अप्पा’ आणि ‘अण्णा’ हे शेपूट कन्नड वळणाचे, पुढचे आडनाव मराठी, आणि त्या घरात कुणालाही यात काही विसंगत वाटत नाही. शेजारच्या समाजाकडून उसने घेतलेला घटक पिढ्या गेल्यावर स्वतःचाच होऊन जातो. कल्पित जगातील शेजारी समाजांची नावे एकमेकांपासून काटेकोर वेगळी ठेवणाऱ्या लेखकांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक घटक दुःखातून आलेला आहे. ज्या घरात मुले जगत नसत तेथे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हलके ठेवले जाई: दगडू, धोंडू, केरू, कचरू. मृत्यूची नजर चांगल्या नावावर पडते, टाकाऊ नावावर पडत नाही, असा त्यामागचा विश्वास होता. कन्नड प्रदेशातही गुंडप्पा आणि तिप्पण्णा या नावांमागे दगड आणि उकिरडा याच कल्पना सांगितल्या जातात. या नावांशेजारी ‘नकुशी’ हे नावही ठेवून पाहावे, म्हणजे फरक कळेल. दगडू हे नाव मूल जगावे म्हणून ठेवले जाई, तर मुलगी नको होती म्हणून नकुशी हे नाव ठेवले जाई. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभाने नवी नावे देण्याचा सरकारी उपक्रम झाला, ही चांगली गोष्ट घडली. वाईट अर्थाचे नाव कल्पित समाजात वापरायचे असेल तर ते मायेने ठेवले आहे की तिरस्काराने, हे लेखकाला माहीत असलेच पाहिजे, कारण ते नाव धारण करणाऱ्या पात्राचा स्वभाव त्यावर उभा राहतो.

जगात इतरत्र या प्रश्नांना दिलेली उत्तरे निराळी आहेत. घानातील अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळते. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान हे ८ एप्रिल १९३८ रोजी, शुक्रवारी जन्मले, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. बालीत वायान, मादे, न्योमान, केतुत ही नावे जन्मक्रमाने मिळतात आणि पाचव्या मुलापासून क्रम पुन्हा सुरू होतो. आइसलँडमध्ये बहुतेकांना कौटुंबिक आडनाव नसते. बापाच्या नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ या अर्थाचा प्रत्यय लागतो, म्हणून सख्ख्या बहीणभावांचे शेवटचे नाव सारखे नसते.

ओलेरींकडे परत येऊ. पावसाळ्यात त्यांची मुले फार दगावत असावीत असे मानले, तर मुलाने पहिला पावसाळा काढेपर्यंत त्याला नाव न देण्याची चाल तेथे संभवते. तोपर्यंत प्रत्येक मुलाला ‘पाहुणा’ आणि मुलीला ‘पाहुणी’ म्हटले जाईल. पाऊस ओसरल्यावर आत्या येईल, झऱ्याकाठी बसेल आणि नाव देईल. जेठात जन्मलेल्या बाळाला चारपाच महिन्यांत नाव मिळेल आणि कार्तिकात जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागेल. करडव राज्याची शिरगणती पावसाळ्याच्या तोंडाशी होत असेल तर पाहुणे मोजले जाणार नाहीत, आणि ओलेरींची संख्या दरवेळी प्रत्यक्षाहून कमी भरेल. धान्य डोईमागे वाटले जात असेल तर हे नुकसानीचे, आणि डोईपट्टी वसूल होत असेल तर फायद्याचे.

जे नाव उच्चारायचे नसते

नाव असणे आणि ते उच्चारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. ‘आमचे हे’, ‘धनी’, ‘कारभारी’ किंवा थोरल्या मुलाचे नाव घेऊन ‘त्याचे बाबा’ असे म्हणत. नाव घेण्याची परवानगी फक्त उखाण्यात, तीही चारचौघींच्या आग्रहावरून मिळे:

कणकुंबीला उगम पावते मलप्रभा माय,
परशरामाचं नाव घेते, आता अडवता काय?

या संकोचाचे परिणाम घरभर पसरतात. नातवाला वारलेल्या आजोबांचे नाव ठेवले, तर त्या मुलाच्या आईला सासऱ्याचे नाव घेऊन स्वतःच्याच मुलाला हाक मारता येत नाही, म्हणून ती त्याला अप्पा, दादा किंवा बाळू म्हणू लागते, आणि पुढे सगळे गाव त्याला त्याच नावाने ओळखते. शाळेच्या दाखल्यावरचे नाव वर्गात पहिल्यांदा पुकारले जाते तेव्हा मुलगा उत्तर देत नाही, कारण ते आपले नाव आहे हे त्याच्या सवयीतच नसते. लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची रीतही अशीच दूरवर पोहोचणारी आहे: ताटात पसरलेल्या तांदळात नवरा अंगठीने नवे नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून एकाच बाईला माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने हाक येते. तिच्या आयुष्यात कोण कोणत्या काळापासून आहे, हे नुसत्या हाकेवरून कळते. कादंबरीकाराला याहून मोठी सोय क्वचितच मिळते.

कधीकधी दिलेले नाव मूळ नावाला पूर्ण झाकून टाकते. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बालपणीच मिळालेल्या ‘कुमार गंधर्व’ या बिरुदानेच आयुष्यभर ओळखले गेले. धारवाडचे कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. त्यांनी कन्नड कविता लिहिताना ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव घेतले, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त, आणि बापाच्या नावाची जागा आईला दिली. आईच्या नावाने ओळख सांगणे या भूमीला नवे नाही. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे सातवाहन राजे दोन हजार वर्षांपूर्वी तेच करत होते.

ओलेरींच्या बाबतीत संकोचाचा नियम आत्येपासून निघाला पाहिजे, कारण नाव तिने दिलेले आहे. ती जिवंत आहे तोवर नाव चालते. ती वारली की तिने दिलेली सगळी नावे त्याच दिवशी थांबतात, आणि घराण्यातली दुसरी स्त्री झऱ्याकाठी बसून ती पुन्हा देईपर्यंत कुणीही ती उच्चारत नाही. ताहूर नावाच्या म्हाताऱ्या आत्येने अकरा भाचरांना नावे दिली असतील, तर तिच्या मृत्यूनंतर ती अकराही माणसे, त्यांत एखादा साठीचा म्हातारा आणि एखादी तान्ही पोर, एकदम बिननावाची होतात आणि तेवढे दिवस फक्त झऱ्याच्या नावाने ओळखली जातात. त्याच आठवड्यात यांतल्या एकीला, तिचे नाव मिरोल, करडवांच्या न्यायसभेत साक्ष द्यायची आहे. न्यायाधीश नाव विचारतो आणि ती गप्प राहते. तिला खोटे बोलायचे नाही, आणि खरे बोलण्यासाठी लागणारे नाव आज तिच्यापाशी नाही. हा प्रसंग मला सुचण्याचे कारण कोणतीही अद्भुत शक्ती नव्हे. दोन समाज नावाविषयी वेगवेगळे प्रश्न विचारतात एवढेच त्याचे कारण आहे.

वहीतले नाव

सीमेवरच्या माणसाला हे न्यायसभेचे दृश्य फारसे परके वाटणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि ज्या माणसांची नावे मोडीत व देवनागरीत लिहिली गेली होती ती हळूहळू कन्नड लिपीत लिहिली जाऊ लागली. लिपी बदलली की नाव थोडे बदलतेच. कन्नडमध्ये शब्द सहसा स्वरावर संपतो, म्हणून बसचे ‘बस्सु’ आणि कारचे ‘कारु’ होते. ‘पाटील’ आपण मराठीत लकारावर थांबवतो. कन्नड लिपीत ते कधी पाय मोडलेल्या लकाराने तर कधी पूर्ण लकाराने लिहिलेले आढळते, आणि दुसऱ्या प्रकारात वाचणारा शेवटचा अकारही उच्चारतो. त्यात रोमन लिपीतील स्पेलिंगची भर पडते. मतदार यादी, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि जमिनीचा उतारा या चार कागदांवर एकाच माणसाचे नाव चार प्रकारे असू शकते, आणि वारसा लावायच्या वेळी ही चारही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, कारण ज्याने आयुष्यभर एकच नाव लावले त्याला तेच नाव आपले आहे हे शपथेवर सांगावे लागते.

कायदेही नाव घडवतात. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणे भाग पाडले, आणि मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव संसदेने दिले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. निपाणी आणि कागल यांच्यात फार अंतर नाही, पण मध्ये राज्याची सीमा आहे; दोन सख्ख्या बहिणींपैकी एक इकडे आणि एक तिकडे दिलेली असेल, तर एकीच्या मुलाच्या नावात नियमानेच आई येते आणि दुसरीच्या मुलाच्या नावात ती येत नाही.

मिरोल न्यायसभेत गप्प राहिली असली तरी कारकुनाला वहीचा रकाना भरायचाच आहे. करडवांच्या भाषेत शब्द व्यंजनावर संपत नाही, त्यांच्याकडे बापाचे नाव आधी येते आणि झऱ्याच्या नावाला रकाना नाही. बरोबर आलेल्या करडव व्यापाऱ्याला विचारून कारकून आधी तिच्या बापाचे नाव लिहितो आणि पुढे ‘मिरोला’ असे लिहितो. झऱ्याचे नाव राहण्याचे ठिकाण म्हणून समासात टिपतो. वीस वर्षांनी तिचा मुलगा मैदानात जमीन घेतो तेव्हा समासातले ते टिपण आडनाव म्हणून खरेदीखतात उतरते. त्याची मुले करडव शाळेत तेच आडनाव लावतात. आता एकाच झऱ्याची दोन माणसे मैदानात भेटली आणि त्यांना लग्न करायचे असेल, तर ओलेरी नियमाने ते वर्ज्य आहे आणि करडव कायद्याने त्यात काहीच गैर नाही. लेखकाने यापैकी कोणत्या बाजूने कथा न्यायची हे ठरवावे, पण दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे नीट मांडू द्यावे.

ध्वनीचा विचार या टप्प्यावर करावा. ओलेरींच्या नावांत ल, र, म जास्त येतील आणि ती व्यंजनावर संपतील. करडवांची नावे स्वरावर संपतील. सीमेवरच्या वस्त्यांत, आपल्या यल्लाप्पा आणि लुमाण्णांप्रमाणे, ओलेरी धड आणि करडव शेपूट असलेली नावे सापडतील. एवढे तीन नियम पुरे होतात. नियम मोडणारी एकदोन घरेही हवीत, आणि ती नियम का मोडतात हे लेखकाला ठाऊक हवे: एखाद्या घरात आत्याच नाही, म्हणून नाव मोठी चुलती देते आणि बाकीचे लोक ते नाव थोडे कच्चे मानतात.

यातले फार थोडे वाचकाला सांगायचे असते. नामपद्धतीचा खुलासा करणारा परिच्छेद पहिल्या प्रकरणात घातला तर वाचक तो ओलांडून पुढे जातो. त्यापेक्षा प्रत्येक प्रमुख पात्रासाठी एक छोटा तक्ता करून स्वतःजवळ ठेवावा: आई काय म्हणते, झऱ्यावरचे शेजारी काय म्हणतात, करडव कारकून काय लिहितो, नवरा किंवा बायको काय म्हणायचे टाळते, आणि रागाच्या भरात कोण कोणत्या नावाने ओरडते. संवाद लिहिताना त्या तक्त्यातली योग्य हाक योग्य माणसाच्या तोंडी घालावी. परकी स्त्री मिरोलला पहिल्यांदा झऱ्याच्या नावाशिवाय हाक मारते तेव्हा त्या दोघींतले अंतर कमी झाले हे वाचकाला कळते, आणि ज्या प्रकरणात तिचा भाऊ तिला कारकुनाने लिहिलेल्या ‘मिरोला’ या नावाने हाक मारतो, त्या प्रकरणात तो कुणाच्या बाजूला गेला आहे हे वेगळे लिहावे लागत नाही.